अमुशाचं जेवण

माझं लग्न शहापुरात ठरलं तेव्हा उचगावात माझी कीव न करणारं एक माणूस उरलं न्हवतं. "साड्या विणायच्या मागाच्या घरात देताय पोरीला? अवो, तिथं माणसाला माणसाचं बोललेलं ऐकू येत न्हाय," असं गल्लीतल्या बायका आमच्या आईला सांगून जायच्या. एक जण तर म्हणाली, "रक्षाचा स्वभाव मुळातच तापट. त्यात दिवसभर ते खटाक-खटाक. सहा महिन्यांत माघारी येतीय बघा." आणि हे सांगताना ती बाई आमच्याच पायरीवर बसून आमच्याच रानातल्या भुईमुगाच्या शेंगा खात हुती. कडाम, मचमच. कडाम, मचमच. तिच्या बोलण्याचं मला कायसुद्धा वाटलं न्हाय. त्या शेंगांनी मात्र डोकं उठलं. मी आत जाऊन दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

"बघितलासा?" बाई म्हणाली. "ह्योच तो स्वभाव."

आता स्वभाव म्हणा, खोड म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मला माणसाचं खाणं ऐकवत न्हाय. बाकी कसल्याच आवाजाचं माझं भांडण न्हाय. ट्रॅक्टर चालू दे, मिरवणुकीत डॉल्बी लागू दे, कुकर शिट्ट्या मारू दे, मी खुशाल झोपते. पण शेजारी बसून कुणी मचाक-मचाक चावायला लागलं, बशीतनं चहा भुरकायला लागलं, की माझ्या छातीत जाळ होतोय. मुठी आवळतात. त्या माणसाला उचलून विहिरीत टाकावं वाटतंय. आणि माणूस जितका जवळचा तितका राग जास्त, ही आणखी एक तऱ्हा. मग राग ओसरला की स्वतःचीच लाज वाटती.

लहानपणी आमचा आदर्श, म्हंजे माझा धाकटा भाऊ, ऊस खायला बसला की मी ताट उचलून गोठ्यात म्हशीजवळ जायची. म्हशीच्या रवंथाचं मला काय वाटत न्हाय, का ते मला विचारू नका. आई म्हणायची, "पोरगी जनावरात जेवती, माणसात न्हाय." आप्पांचा तर ठरलेला धपाटा. "ताटावरनं उठतीस? अन्नाचा अपमान करतीस?" पुढं कॉलेजात मोबाईल हातात आला तेव्हा कळलं की ह्याला मिसोफोनिया म्हणतात आणि जगात आणखी लई जणांना हे असतंय. तेवढंच बरं वाटलं. पण नाव कळलं म्हणून चावायचं कोण थांबतंय व्हय?

नागराज आणि मी बेळगावात एकाच फायनान्सच्या ऑफिसात हुतो. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी एकच अट घातली. "तोंड मिटून जेवायचं." तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी आमच्या क्याशियरनं माझ्या टेबलाजवळ चिवड्याची पुडी सोडली आणि नागराजनं माझं तोंड बघितलं. तिथनं पुढं त्यानं जेवताना ओठ उघडले न्हाईत. बिचारा आजवर पाळतोय.

तर अशी मी, उचगावातनं सगळ्यांचे उसासे घेऊन शहापूरच्या त्या बोळात आले.

घरात शिरलं की पहिली खोली मागांची. दोन माग, जमिनीत गच्च बसवलेले. त्या खोलीच्या मागं स्वयंपाकघर, वर माळ्यावर आमची खोली. माग चालू झाले की फरशी थरथरते, कप बशीत नाचतात, आणि बोलायचं तर माणसाच्या कानात जाऊन ओरडायला लागतंय. म्हणून ह्या घरात ओरडत कोण न्हाय. सगळी ओठ बघून बोलणं ओळखतात. माझे सासरे सुबराव, त्यांना मी मामा म्हणते, ते मागाजवळनं नुसते ओठ हलवतात आणि स्वयंपाकघरातल्या आत्या, म्हंजे माझ्या सासूबाई, तिथनंच मान हलवून चहा ठेवतात.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी आत्यांनी मला जेवायला वाढलं आणि स्वतः समोर बसल्या. भाकरी, झुणका, वर कच्चा कांदा. कांदा बघून मी आधीच मुठी आवळल्या. आत्यांनी कांदा फोडला, तोंडात घातला, चावला. त्यांचा जबडा खालीवर होताना मला स्वच्छ दिसत हुता. आणि आवाज? कायबी न्हाय! खटाक-खटाक, खटाक-खटाक, नुसता माग. मी घास घ्यायचा इसरून त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. जन्मात पहिल्यांदा मी माणसासमोर बसून निवांत जेवत हुते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आत्यांनी ओठ हलवले. तेवढं मलाही वाचता आलं. "आईची आठवण आली?"

मी मान हलवली. खरं काय ते सांगायला कान पाहिजेत, आणि तिथं तर सगळा माग.

त्या घरात मी असली रमले म्हणून सांगू! माग सोडून सगळ्यांना एकदम उठता येत न्हाय, म्हणून जेवण पाळीपाळीनं. मामा जेवताना आत्या मागावर, आत्या जेवताना मामा मागावर. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायला शिकले. साडीचा पदर मागावर सरकत पुढं येतोय ते बघायला मला लई आवडायचं. आणि मामा? असला सासरा शोधून सापडायचा न्हाय. मी ऑफिसातनं दमून आले की हातातला चहा माझ्यापुढं करायचे. मला उचगावची आठवण येईल म्हणून बाजारातनं ओल्या शेंगा आणायचे आणि मी त्या खात न्हाय म्हणून स्वतःच काळजीत पडायचे.

सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं हुतं. मग अमुशा आली.

आमच्या बोळात अमावस्येला माग बंद. मामांच्या वडलांच्या आधीपासनं ती रीत. त्या दिवशी माग पुसायचे, हळदकुंकू लावायचं, पुरणपोळीचं जेवण करायचं आणि सगळ्या घरानं एका पंगतीला बसायचं. पाळीपाळीनं जेवणाऱ्या घरात महिन्यातनं हा एकच दिवस सगळी समोरासमोर. मामा ह्या दिवसाची महिनाभर वाट बघतात. दुसऱ्या घरात सुना मागनं जेवतात, पण मामा म्हणाले, "आमच्यात तसलं न्हाय. रक्षा माझ्याशेजारी बसणार."

बसले. बोळ सगळा चिडीचूप. एवढा शांत की पलीकडच्या घरातली पळी पातेल्याला लागलेली ऐकू यावी. आणि मामांनी जेवायला सुरुवात केली.

पोळी आमटीत बुडवायची. टपटपतच तोंडात घालायची. मग मचाक, मचाक, मचाक. मग बोटं चाटायची, चुप्, चुप्, पाचीच्या पाची. मग पापड. आणि शेवटी आमटीची वाटी तोंडाला लावून एक लांबलचक भुर्रर्र, आणि त्याच्या शेपटाला "हाऽऽ". देवा रे! चाळीस वर्षं मागाजवळ काढलेला माणूस. स्वतःला त्याला कमी ऐकू येतंय, आणि आपण जेवताना आवाज होतोय हे त्याला सांगणार कोण, जिथं महिन्याचे बाकीचे दिवस कुणाला ऐकूच जात न्हाय?

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ताटाची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या भुरक्याला मी उठले. "डोकं दुखालंय," म्हणून जी माळ्यावर पळाले ती संध्याकाळीच खाली आले. मामांनी माझं ताट झाकून ठेवलं हुतं.

पुढच्या अमुशाला मी उचगावला गेले. आईला बरं न्हाय असं सांगून. त्याच्या पुढच्या अमुशाला बसले, पण मामांनी पापड मोडला आणि मी वाटी आदळून उठले. आमटी मामांच्या सदऱ्यावर उडाली. ते म्हणाले, "असूंदे, असूंदे, धुतलं की निघतंय." मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. ह्या माणसावर राग? शरम न्हाय वाटत तुला, रक्षे?

नागराज मागनं आला. मी म्हणाले, "तू सांग की त्यांना."

"काय सांगू? बापाला म्हणू, नीट जेवा?"

"तसं न्हाय. गोडीत."

"गोडीत म्हंजे कसं, तूच सांग. मी सांगतो तसंच."

मलाही सांगता येईना. ताटावर बसलेल्या माणसाला टोकू नये, हे आम्हा दोघांनाही पाळण्यात असताना शिकवलेलं. आणि मामा तर सुनेला शेजारी बसवून जेवायचं म्हणून महिनाभर वाट बघणारे. त्यांना मी सांगू, की तुमचं जेवण ऐकून मला तुम्हाला विहिरीत ढकलावं वाटतंय? छे! गिळलं आणि गप बसले.

पण गप बसल्यावर लोक गप बसतात व्हय? शेजारच्या यशोदाबाईंनी हिशेब मांडला. महिनाभर पोरगी हसतीया, खेळतीया, आणि अमुशा आली की डोळे लाल, ताटावरनं उठतीया, भांडी आदळतीया. यशोदाबाई आत्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "चंपाक्का, हे बाहेरचं हाय. उचगावात चिंचेखालनं आलं असणार."

आत्या तशा धीट. पण अमुशाचं म्हटल्यावर त्यांचंही काळीज हललं. पुढच्या अमुशाला दुपारी यशोदाबाईंनी भूत उतरवणाऱ्या मष्णू देवरशाला घरी आणलं. मला पाटावर बसवलं. आता मी म्हणाले असते, की हे काय खुळ्यासारखं चाललंय, पण म्हटलं तर खरं कारण सांगायला लागणार. बसले मुकाट्यानं. मनात म्हटलं, नारळ ओवाळेल, दक्षिणा घेईल, जाईल.

मष्णू माझ्यापुढं बसला. दोन हातावर. आणि गालात ह्यो एवढा पानाचा तोबरा! त्यानं माझ्या डोळ्यांत बघत चावायला सुरुवात केली. पचाक. पचाक. मधीच ती लाळ आत ओढून घ्यायचा, सुर्रक. बोळात एक माग चालू न्हाय. पचाक, सुर्रक. पचाक, सुर्रक.

मी दात आवळले. मुठी वळल्या. मान आपोआप हलायला लागली.

"बघा!" यशोदाबाई ओरडल्या. "आलं, आलं अंगात!"

"कोण हाईस तू?" मष्णूनं तोबऱ्यासकट विचारलं. "काय पाहिजे तुला?"

"थुक आधी!" मी अशी किंचाळले की दारातली मांजर पळाली. "ते पान थुक!"

मष्णू टुणकन मागं सरला. त्याला वाटलं भूत पानाला भितंय. म्हणून त्यानं पिशवीतनं आणखी एक पान काढून तोंडात कोंबलं. त्यानंतर मी काय केलं ते मी सांगत न्हाय. एवढंच सांगते, की पाट माझ्या हातात हुता आणि मष्णू बोळाच्या टोकापर्यंत पळताना लोकांनी बघितला. दक्षिणासुद्धा न घेता.

मामा हे सगळं दारात उभं राहून बघत हुते. भुताखेतावर त्यांचा पहिल्यापासनं विश्वास न्हाय. ते आत्यांवर चिडले. "पोरगीची थट्टा मांडलीसा व्हय? भूत न्हाय, कायबी न्हाय. ती मोकळ्या रानातली पोर. दिवसभर ऑफिस, घरी आली की हे खटाक-खटाक. महिनाभर सोसती, कुणाला बोलत न्हाय, आणि अमुशाला जरा शांत झालं की डोक्यात साठलेलं सगळं बाहेर येतंय. मागानं पोरीचं डोकं उठलंय."

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको गं. मी करतो कायतरी."

मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, भुताच्या तावडीतनं तर सुटले. मामा काय करणार हायेत हे मला तेव्हा कळलं असतं तर तिथंच पाय धरले असते.

महिना गेला. मामा रोज दुपारी सायकल काढून कुठंतरी जायचे. विचारलं की नुसते हसायचे. आत्याही हसायच्या. नागराजला मी खोदून विचारलं तर तो म्हणाला, "मलाबी सांगत न्हाईत."

अमुशा आली. पंगत बसली. मी मनाशी ठरवलं हुतं, आज काय वाटेल ते झालं तरी उठायचं न्हाय. कानात कापसाचे बोळे घातले हुते, वर केस मोकळे सोडले हुते. पण मामांच्या मचाकपुढं कापूस काय टिकतोय? पहिल्या पोळीला मी पाढे म्हणायला लागले. दुसऱ्या पोळीला पायाच्या अंगठ्यानं फरशी कुरतडत हुते. आणि तेवढ्यात मामांनी घास गालात सारला आणि म्हणाले,

"रक्षा, तुला एक सांगायचं हाय. उद्या सकाळी टेम्पो येतोय."

मी कापूस काढला. "कशाला मामा?"

"माग हलवायला. वडगावच्या पुढं एक शेड बघितलाय मी. दोन्ही माग तिकडं न्यायचे. घरात आता आवाज न्हाय कायबी न्हाय." ते असे खूश हुते की त्यांना बसवत न्हवतं. "पुढच्या खोलीत आपण खुर्च्या टाकू. तू ऑफिसातनं आलीस की निवांत. आणि पाळीपाळीनं जेवायचं बंद! मी रोज दोन्ही वेळंला घरी येणार. रोज असंच, आजच्यासारखं. सगळी मिळून, शांतपणी जेवायचं."

मचाक.

रोज. दोन्ही वेळंला. शांतपणी.

मी पुढच्या खोलीकडं बघितलं. माग हळदकुंकू लावून गप उभे हुते. मामांच्या जन्माच्या आधीपासनं ती खोली मागांची. मामांचे गुडघे दुखतात, दाराच्या पायऱ्या चढताना भिंत धरतात, आणि आता म्हणे रोज सायकलवरनं वडगावच्या पुढं जायचं. कुणासाठी? माझ्यासाठी! आणि ते माग गेले की मी ह्या घरात आठवडासुद्धा टिकणार न्हाय, हे मला दिवसाइतकं स्वच्छ दिसत हुतं. उचगावची ती शेंगांवाली खरी ठरणार. मला जायचं न्हवतं. मला हे घर पाहिजे हुतं, ही माणसं पाहिजे हुती.

मी नागराजकडं बघितलं. त्यानं आमटीत तोंड घातलं.

"मामा, माग हलवायचे न्हाईत," मी म्हणाले.

"आं? मोठ्यानं बोल."

"माग हलवायचे न्हाईत! मला मागाचा त्रास न्हाय!"

"मग कशाचा गं?"

झालं. आता एक तर बोलायचं, न्हायतर कायमचं गप बसायचं.

"तुमच्या जेवणाचा!" मी ओरडले. "तुम्ही जेवताना आवाज होतोय त्याचा! मला ऐकवत न्हाय! कुणाचंच ऐकवत न्हाय, आईचं न्हाय, भावाचं न्हाय. लहानपणापासनं! माग चालू असला की ऐकू येत न्हाय म्हणून तर मी इथं सुखात हाय! माग नेला तर मी मरते!"

मामांचा घास तोंडातच राहिला. आत्यांचा हात पोळीच्या डब्यावर. नागराजचं तोंड अजून आमटीत.

मामांनी घास गिळला. मग हळूच विचारलं, "माझा आवाज होतोय?"

"व्हय."

"मला तर कधी ऐकू आला न्हाय." त्यांनी आत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कसा होतोय? करून दाखव."

"मामा, नको."

"दाखव की. मलाबी कळूंदे."

मी पोळीचा तुकडा घेतला. आमटीत बुडवला. तोंडात घातला. मचाक, मचाक. बोटं चाटली.

"न्हाय ऐकू येत," मामा कान पुढं करून म्हणाले. "मोठ्यानं."

"मचाक! मचाक!"

"आणखी जरा."

मग मात्र मी लाज सोडली. सगळ्या अमुशांचं देणं एकदम फेडायचं म्हणून उभी राहिले. "मचाऽऽक! मचाऽऽक! चुप्! चुप्! चुप्!" वाटी उचलली. "भुर्रर्रर्र! हाऽऽऽ!"

एक माग चालू न्हवता. सगळ्या बोळानं ऐकलं. खिडक्या उघडल्या. यशोदाबाई चपलासुद्धा न घालता पळत आल्या. "चंपाक्का! पुन्हा आलं काय गं अंगात?"

"व्हय," आत्या म्हणाल्या. "ह्या वेळंला सासरा आलाय!"

मामा आधी नुसते हसले. मग असे हसले की त्यांना ठसका लागला, नागराजनं पाठ चोळली, आणि तोही हसायला लागला. आत्या पदरानं डोळे पुसत हुत्या. मी तशीच वाटी धरून उभी. हसू की रडू, मला समजेना. आणि बघते तर मामांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत हुतं आणि ते आता हसत न्हवते.

"एवढंच व्हय गं?" ते म्हणाले. "एवढंच? मला वाटलं, पोरगीला आम्हीच नको झालाव. तोंडानं सांगत न्हाय, पण एक दिवस उचगावला जाईल आणि माघारी यायची न्हाय. मी तर माग विकायलाबी तयार हुतो."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि त्यांचा आमटीनं भरलेला हात धरला. ते म्हणाले, "अगं, खरकटा हाय." मी म्हणाले, "असूंदे."

मग नागराजकडं वळून त्यांनी विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"व्हय," नागराज पुटपुटला.

"आणि बोलला न्हाईस? माझे माग निघाले हुते, गाढवा! त्या टेम्पोवाल्या शामूला फोन लाव. म्हणावं उद्या येऊ नको. आणि परवाबी येऊ नको."

तेवढं झाल्यावर मामा सरसावून बसले. "आता बघ. मीबी तोंड मिटून जेवतो. नागराजला जमतंय, मला का जमायचं न्हाय?" त्यांनी घास घेतला आणि ओठ गच्च आवळले. आता त्यांना श्वास तर पाहिजे. तो नाकातनं यायला लागला. सूं, सूं, सूं. गाल फुगले, डोळे मोठे झाले. एवढं करून आतनं मचमच चालूच, वर नाकाची शिट्टी फुकट. मी पुन्हा ताटाची कड धरली.

आत्याच आडव्या आल्या. "पुरे! जीव जाईल. आणि मी काय म्हणते, ह्यांनी आवाज बंद केला तर मला कसं कळायचं? चाळीस वर्षं अमुशाला मी तेवढंच ऐकते. भुर्र झालं की समजायचं, आमटी जमली." असं म्हणून त्या जरा लाजल्या. "तोंडानं तर कधी चांगलं म्हणाले न्हाईत."

मी आत्यांकडं बघतच राहिले. ज्या भुरक्याला माझ्या छातीत जाळ होतोय, त्या भुरक्याची ही बाई महिनाभर वाट बघती. आता तो बंद करा असं कोण म्हणणार? मी तर न्हाय म्हणणार.

मामांनी थोडा विचार केला. मग माझं ताट उचललं, त्यात स्वतः गरम पोळी वाढली, तुपाची धार धरली, आणि ताट माझ्या हातात दिलं.

"जा," ते म्हणाले. "बाहेर कट्ट्यावर बस. मन लावून जेव. तुला पाहिजे तेवढं लांब जा. नुसतं उचगावला जाऊ नको."

ताटावरनं उठले म्हणून मी लहानपणापासनं धपाटे खाल्ले, बोलणी खाल्ली, डोकं दुखतंय म्हणून खोटं बोलले. पण ताट हातात देऊन, इतक्या मायेनं मला 'जा' असं कुणीच कधी म्हणालं न्हवतं.

मी कट्ट्यावर जाऊन बसले. यशोदाबाई समोरनं बघत हुत्या. बघूंदे. आतनं मामांचं जेवण चालू झालं, पण मधी आख्खी मागाची खोली, त्यामुळं माझ्यापर्यंत नुसती कुजबुज आल्यासारखं येत हुतं. एक भुर्र मात्र ऐकू आला. आमटी जमली हुती.

"रक्षा!" आतनं हाक आली. "आणखी पोळी आणू का गं?"

"आणा!" मी ओरडले. "पण तोंडातलं संपवून या!"

मामा पोळी घेऊन आले, भिंतीला धरत, आणि उंबऱ्याच्या आत थांबले. सावकाश चावलं, गिळलं, पाण्याचा घोट घेतला. मग लहान पोरगं दाखवतंय तसं आऽ करून मला आपलं रिकामं तोंड दाखवलं आणि मगच उंबरा ओलांडून बाहेर आले.